लातूरची पाणीगाडी कोणत्या वाटेनं आली?

या भागात मी जे बोललो, ते वाचणाऱ्यांसाठी थोडं नीटनेटकं करून इथे देतोय.

12 एप्रिल 2016 ची पहाट आठवा. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा टँकर वाघिणी, साधारण पाच लाख लिटर पाणी. तेव्हा सगळे पाण्याविषयी बोलत होते, ते बरोबरच होतं. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. कृष्णाकाठच्या मिरजेपासून मांजराकाठच्या लातूरपर्यंत ही थेट रेल्वेची वाट आखली कुणी?

उत्तर आहे बार्शी लाईट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ही कंपनी काढली. 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. 1906 ला ती पंढरपूरला गेली, 1911 ला निजामाच्या राज्यातल्या लातूरला आणि 1927 ला मिरजेला. म्हणजे पाणीगाडीची दोन्ही टोकं 1927 मध्येच जोडली गेली होती.

रूळ मात्र अरुंद होते, फक्त अडीच फुटांचे. अरुंद गाडीला वळण लहान चालतं, भराव आणि पूल कमी रुंदीचे लागतात, खर्च वाचतो. कॅलथ्रॉपचा नियम असा, की एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार टाकायचा नाही. इंजिन असो की वाघीण, नियम तोच. भार असा वाटला गेला, की हलक्या रुळांवरूनही बऱ्यापैकी माल जातो. कापूस आणि धान्याच्या व्यापाराला हे फार सोयीचं पडलं.

पण याच नियमाची दुसरी बाजू बघा. चार आसांची वाघीण म्हणजे वजनासकट जास्तीत जास्त 20 टन. 2016 च्या एका टँकरमध्ये नुसतं पाणीच 50 टनांच्या आसपास होतं. शिवाय कुर्डुवाडीला छोट्या गाडीतला माल उतरवून मोठ्या गाडीत भरावा लागायचा. वेळ गेला, हमाली वाढली.

म्हणून गेज बदललं. आता कुणाला वाटेल, त्यात काय, रूळ थोडे लांब सरकवले की झालं! तसं नसतं. ब्रॉडगेजला वळण मोठं लागतं, भराव रुंद लागतो, पूल दणकट लागतात. मग जुन्या वाटेचा कुठे उपयोग होतो, कुठे ती सोडावी लागते. जुनी गाडी येडशीवरून जायची आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, बाजूलाच राहायचं. नव्या मार्गात ते घेतलं. 2007 ला लातूर-उस्मानाबाद आणि 2008 ला पुढे कुर्डुवाडीपर्यंत ब्रॉडगेज गाडी धावली. गावांची माळ बरीचशी जुनीच राहिली, एक मोठी चूक दुरुस्त झाली.

सगळ्या दुरुस्त झाल्या का? नाही. नांदेडचं बघा. तिथे 1900 च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचं मीटरगेज आलं, मनमाड ते सिकंदराबाद जोडणारं. लातूरची गाडी पश्चिमेकडे तोंड करून आलेली, नांदेडची गोदावरीच्या कडेनं. कंपन्या वेगळ्या, गेज वेगळं. या दोन गावांना एकमेकांशी जोडायचं कुणाच्या हिशेबातच नव्हतं. आज सगळीकडे रूळ एकाच रुंदीचे झालेत, तरी नांदेडहून लातूरला रेल्वेनं निघालात तर पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा पडतो. म्हणून लोक सरळ एसटी धरतात.

रूळ बदलायला पैसा लागतो, पण आखणी बदलायला त्याहून जास्त काही लागतं: जमीन, मंजुरी आणि मागे लागणारी माणसं. म्हणून नवीन मार्गाची मागणी करताना गाड्या किती, थांबे किती एवढंच विचारू नका. रेघ कुठून जाते ते आधी विचारा. पुढची शंभर वर्षं आपण तिच्यावरूनच जाणार.

तुमच्या घरात कुणी बार्शी लाईटनं प्रवास केला असेल तर त्यांना बोलतं करा, आणि आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या भागात.