लाकडी वाडे आणि अग्निसंरक्षण

महाराष्ट्रातील ऐतिहासिक वास्तूंच्या नाशाचा इतिहास पाहू गेल्यास युद्ध आणि दुर्लक्ष यांच्या जोडीला अग्नीचे नाव घ्यावे लागते. पुण्याच्या शनिवारवाड्याची वास्तुशांत 1732 मध्ये झाली, आणि फेब्रुवारी 1828 मधील आगीत त्याचे सारे मजले नष्ट झाले. पुढे मे 1879 मध्ये लावल्या गेलेल्या आगींत बुधवारवाडा संपूर्ण जळाला व विश्रामबागवाड्याची मोठी हानी झाली. या घटनांवरून मराठी वाडा लाकडी असल्यामुळेच अग्नीस बळी पडतो, असा समज रूढ झालेला दिसतो. तो अर्धाच खरा आहे. आणि या अर्धसत्याच्या आधारे होणाऱ्या दुरुस्त्या वाड्यांना अधिक धोक्यात घालीत असल्यामुळे त्याची चिकित्सा आवश्यक ठरते.

शनिवारवाड्यापुरते बोलावयाचे तर एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आतील मजले भस्मसात झाले. परंतु दिल्ली दरवाजावरील नगारखाना आपल्या लाकडी खांबांसह आजही उभा आहे. साहित्य एकच, काळ एकच, आग एकच. फरक होता तो मांडणीचा. नगारखाना तटाच्या दगडी अंगावर असून मुख्य इमारतीपासून मोकळ्या पटांगणाने विलग झालेला आहे. आतील महाल मात्र एकास एक लागून, जिने, सज्जे व लाकडी तक्तपोशी यांनी परस्परांशी जोडलेले होते.

लाकडाच्या ज्वलनाचा शास्त्रीय विचार याच दिशेने नेतो. जाड लाकूड पेटले की त्याच्या पृष्ठभागावर कोळशाचा थर तयार होतो, आणि तो थर आतील लाकडास उष्णतेपासून काही काळ वाचवितो. कठीण जातीच्या लाकडात हे कोळसा होणे मिनिटाला सुमारे अर्धा मिलिमीटर, फार तर त्याहून थोडे अधिक, या वेगाने आत सरकते. वीस सेंटिमीटर चौरस सागवानी खांब चारही बाजूंनी अर्धा तास जळत राहिला, तर प्रत्येक बाजूस सुमारे सोळा-सतरा मिलिमीटरची झीज होते. कोळशालगतचा उष्णतेने दुबळा झालेला थर वजा केला, तरी खांबाचे निम्म्याहून अधिक क्षेत्र भार घेण्यास शिल्लक राहते. उलट, अडीच सेंटिमीटर जाडीची फळी दोन्ही बाजूंनी पेटली की त्याच अर्ध्या तासाच्या आत संपते. म्हणजे प्रश्न लाकडाचा असण्यापेक्षा त्याच्या जाडीचा, आणि त्याच्या आसपास काय रचून ठेवले आहे त्याचा आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लाकडी कमानी सुमारे दोन सहस्र वर्षे टिकल्या. त्यांच्या खाली उघडी पाषाणभूमी आहे, पेटावयास दुसरे काही नाही, हेही त्याचे एक कारण मानावयास हरकत नाही.

पुणे-नाशिक मार्गावर नारायणगाव व आळेफाटा यांच्या दरम्यान असलेल्या पिंपळवंडीसारख्या गावी या विचारास निराळेच महत्त्व येते. शहरातील वाड्यापाशी बंब काही मिनिटांत पोहोचण्याची आशा करता येते. येथून पुणे ऐंशी-नव्वद किलोमीटरांवर आहे, आणि जवळच्या गावाहून बंब आला तरी अरुंद आळीतून तो दिंडीपर्यंत येईलच असे नाही. सबब पहिला अर्धा तास वाड्याने स्वतःच्या बळावर काढावयाचा असतो. जुन्नर-आंबेगाव भागातील जुन्या बांधणीत ते बळ पुष्कळसे आहे. पांढऱ्या मातीच्या वा भेंड्यांच्या जाड भिंती खणाखणांस विलग करतात. कडीपाटावर दिलेला मातीचा थर वरून पडणारे निखारे थोपवितो. मधला चौक धूर वर जाऊ देतो. हे बळ नाहीसे होते ते माळ्यावर कडबा भरल्याने, जिन्याखाली सरपण व गोवऱ्या रचल्याने, आणि जुन्या तुळयांवर खिळे ठोकून नेलेल्या उघड्या विजेच्या तारांनी. दसरा-दिवाळीनंतर कडबा घरात येतो, आणि त्याच सुमारास फटाकेही उडतात. याची आठवण गृहस्वामीस कोणी करून देत नाही.

दुरुस्तीतील दोन प्रघात विशेष घातक होत. पहिला, किडलेली तुळई काढून तिच्या जागी उघडा लोखंडी गर्डर घालणे. लोखंड जळत नाही, म्हणून ते निर्धोक, ही समजूत चुकीची आहे. सुमारे 550 ते 600 अंश सेल्सिअसला पोलादाचे बळ निम्म्यावर येते, आणि संरक्षणावाचून असलेला गर्डर भर आगीत हे तापमान पाव तासाच्या आसपास गाठू शकतो. तितक्या वेळात जाड तुळईचे जेमतेम सेंटिमीटरभर लाकूड जळालेले असते. दुसरा प्रघात, कडीपाटाखाली प्लायवुडचे खोटे छत टांगणे. त्यामुळे निर्माण होणाऱ्या पोकळीत आग दृष्टीआड एका खणातून दुसऱ्या खणात जाते, आणि तारांचे सांधेही नेमके त्याच पोकळीत असतात.

अग्निरोधक लेपांविषयी आम्हांस फारसा उत्साह नाही. उष्णतेने फुगणारा लेप नव्या, साध्या लाकडावर उपयुक्त आहे. कोरीव कमानी व रंगविलेल्या तक्तपोशीवर तो नक्षी बुजवितो आणि मागाहून निघत नाही. काही क्षारांचे लेप दमट हवेत पाणी ओढून घेतात व लोखंडी खिळे गंजवितात. मावळाच्या पावसात तर हा दोष उपेक्षणीय नव्हे.

पाण्याचाही हिशेब करावा लागतो. पंधरा सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर पूर्ण भिजला तर दर चौरस मीटरला चाळीस-पन्नास किलोग्रॅम भार वाढतो. तो वाढतो नेमका त्या वेळी, जेव्हा खालच्या कड्या जळून बारीक झालेल्या असतात. म्हणून आग विझल्यावर माडीवर जाण्यापूर्वी खालून टेकू देणे अगत्याचे आहे. तापलेल्या पाषाणावर थंड पाण्याचा झोत एकाएकी मारल्यास त्याचे कपचे उडतात, हेही तळखड्यांच्या बाबतीत स्मरावे.

आणखी एक धोका खुद्द जतनकार्यातून येतो. जपानमधील होर्यूजी मंदिराच्या सुवर्णमंडपातील प्राचीन भित्तिचित्रे 26 जानेवारी 1949 रोजी जळाली, ती त्यांच्या प्रतिकृती काढण्याचे काम चालू असताना. त्यानंतर 1950 मध्ये त्या देशात सांस्कृतिक संपत्तीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि 1955 पासून तोच दिवस अशा वास्तूंच्या अग्निरक्षणाचा दिवस म्हणून पाळला जातो. पॅरिसचे नोत्रदाम 15 एप्रिल 2019 रोजी पेटले तेव्हाही तेथे दुरुस्तीची पहाड बांधलेली होती. आपल्याकडे वाड्याची दुरुस्ती म्हटली की वेल्डिंगचे यंत्र येते, वार्निशाचे डबे उघडे राहतात, आणि कामगार सायंकाळी निघून जातात. वेल्डिंगची ठिणगी कडीपाटाच्या फटीत तासन्‌तास धुमसू शकते. तेव्हा काम संपल्यावर निदान एक तास तेथे पाण्याची बादली घेऊन माणूस बसविण्याचा खर्च अंदाजपत्रकातच धरला पाहिजे.

विद्यार्थ्यांनी वाड्यांचे मोजमाप घेताना नकाशावर खांब, तुळया व भिंती यांबरोबर चार गोष्टी अधिक दाखवाव्यात: कडबा व सरपण यांची जागा, विजेच्या तारांचा मार्ग, आडापासून प्रत्येक खणापर्यंतचे अंतर, आणि मोडी कागदांचे रुमाल ज्या कोनाड्यात वा माळ्यावर ठेवलेले असतील तो. रुमाल माळ्यावर असतील, तर मोजमाप पुरे होण्याची वाट न पाहता ते जाड भिंतीच्या तळघरात, ओल नसल्यास, हलविण्याविषयी घरच्यांशी बोलावे.