मूत्रपिंडाचा विकार आणि गळ्यांतील ग्रंथि

शाळामास्तराची नजर मुलांच्या उंचीकडे आपोआप वळते. आजच्या अहिल्यानगर, म्हणजे तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत शिकवीत असतां माझ्या वर्गांतील एक मुलगा दोन वर्षें जवळजवळ तेवढाच राहिला. थंडी त्याला सोसत नसे, शौचास साफ होत नसे, बाकावर डुलकी लागे. मूत्रपिंडें दुबळीं आहेत हें ठाऊक असल्यानें घरच्यांनीं व मींही सारा दोष त्यांच्याच माथीं मारला. पुढें रक्त तपासलें तेव्हां कळलें कीं, गळ्यांतील थायरॉइड ग्रंथिही मंदावली आहे. गोळी सुरू झाली, डुलकी थांबली. गेलेली उंची मात्र सगळी भरून आली नाहीं.

हे दोन अवयव दूर असले तरी त्यांचा संबंध निकट आहे. ग्रंथीचा थायरॉक्सिन नांवाचा स्राव रक्तांतील प्रथिनांच्या आधारें अंगभर फिरतो. मूत्रपिंडाची चाळण बिघडून लघवीवाटे प्रथिनें जाऊं लागलीं म्हणजे त्यांच्याबरोबर हा स्रावही वाहून जातो. शिवाय जादा आयोडीन बाहेर टाकणें हें मूत्रपिंडांचें काम. तें अडलें तर आयोडीन सांचतें, आणि त्याच्या अतिरेकानेंही ग्रंथि मंदावते. म्हणून अशा मुलास आपल्या मनानें आयोडीनचें औषध देणें अपायकारक होय.

उलट दिशेनेंही हानि होते. थायरॉक्सिन कमी पडलें कीं मूत्रपिंडांकडे जाणारें रक्त घटतें. ग्रंथीवर उपचार झाल्यास तेवढा भाग सुधारूं शकतो. मूळ विकार त्यानें बरा होत नाहीं.

दोहोंचीं लक्षणें सारखीं, म्हणून नुसत्या डोळ्यांनीं निदान होत नाहीं. टी. एस. एच. व मुक्त टी-४ या रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतात. केवळ टी-३ कमी असणें हा बहुधा दीर्घ दुखण्याचाच परिणाम असतो. तेवढ्यावरून सहसा गोळी देत नाहींत. गोळी ठरलीच तर ती सकाळीं रिकाम्या पोटीं द्यावी. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या या मुलांना वारंवार लागतात. त्यांच्यांत व हिच्यांत चार तासांचें अंतर ठेवावें, नाहींतर ही अंगीं लागत नाहीं.

दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनीं उंचीची खूण करून तारीख घालावी. खूण वर सरकत नसेल तर डॉक्टरांस विचारावें, "थायरॉइड तपासलें का?" उंची खुंटण्यास मूत्रपिंडाच्या दुखण्यांत दुसरींही कारणें असतात, परंतु हें एक कारण गोळीनें दूर होण्याजोगें आहे. तें केवळ आपल्या गृहीत धरण्यानें राहून जाऊं नये, एवढेंच आजचें सांगणें.