दोनशे चाळीस तासांचा नियम

बुलढाणा जिल्ह्यात ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ हे दोन शब्द नकाशापेक्षा अधिक काम करतात. मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे अगदी घाटाच्या पायथ्याचे गाव. इतिहासाच्या पुस्तकात ते लढायांसाठी प्रसिद्ध आहे. १४३७ साली बहामनी सरदार खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नसीरखानाचा येथे पराभव केला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस बुऱ्हाण निजामशाहाची जमालखानाशी येथेच गाठ पडली. खुदावंतखान महदवी याने १५८२ मध्ये बांधलेली लहानशी पण देखणी मशीद त्या काळाची खूण म्हणून गावात आहे. ज्यांना घाट चढायचा किंवा उतरायचा होता, त्यांच्या वाटेवर हे गाव होते. त्यामुळे सैन्ये आली आणि गेली.

आता या पट्ट्यातील गावांतून रोज सकाळी एस.टी.ने निघतात ती महाविद्यालयात जाणारी मुले-मुली. कोणी मोताळ्याला, कोणी मलकापूरला, कोणी घाट चढून बुलढाण्याला. त्यांत शेतकऱ्यांची मुले असतात, मजुरांची असतात, तशीच किराणा, कापड, कृषी-सेवा केंद्र चालवणाऱ्या व्यापारी घरांतीलही असतात. प्रथम वर्षाला प्रवेश घेतल्यावर काही दिवसांतच सूचना फलकावर एक कागद लागतो : राष्ट्रीय सेवा योजनेत नावनोंदणी सुरू आहे, इच्छुकांनी कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटावे. बहुतेक मुले मित्राने नाव दिले म्हणून नाव देतात. काहींना सवलतीच्या गुणांविषयी कळलेले असते. सेवेच्या ओढीने पहिल्याच दिवशी अर्ज भरणारा विद्यार्थी विरळा, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दारातून आत येण्याचे कारण आणि आत टिकण्याचे कारण ही क्वचितच एक असतात.

सेवेसाठी नाव नोंदवून प्रतिज्ञा घ्यायची, उमेदवारीचा काळ पार पाडायचा आणि मगच पूर्ण सभासद व्हायचे, ही रीत अमेरिकेतील महाविद्यालयांत चांगली रुळली आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातील लाफाएट महाविद्यालयात १९२५ च्या डिसेंबरात फ्रँक रीड हॉर्टन या विद्यार्थ्याने आपल्या सहकाऱ्यांसह ‘अल्फा फाय ओमेगा’ हे सेवाभावी बंधुमंडळ स्थापले. स्काउट चळवळीची तत्त्वे त्याच्या पायाशी होती. नवागताला तेथे ‘प्लेज’ म्हणतात, म्हणजे शब्द दिलेला. ठरलेले सेवाकार्य करून, मंडळाची रीत समजून घेऊनच तो सभासद होतो. महाराष्ट्रातील पालकाला हा शब्द परका वाटेल, कल्पना मात्र वाटू नये. ज्या घरांत चातुर्मासात मुलेही ठरावीक मुदतीचा नियम घेतात, पच्चक्खाण म्हणजे काय हे शाळकरी वयातच ठाऊक होते, त्या घरांना मुदतीच्या प्रतिज्ञेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

शिवाय महाराष्ट्राने ही गोष्ट अमेरिकेच्या वीस वर्षे आधी केलेली आहे, तीही फार कडक स्वरूपात. १२ जून १९०५ रोजी पुण्यात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. सभासदाला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. देशाचा विचार सर्वप्रथम. सेवेतून स्वतःचा लाभ साधायचा नाही. जातधर्माचा भेद न करता सर्व भारतीयांना बंधू मानायचे. समाज देईल तेवढ्या निर्वाहावर संतुष्ट राहून स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवायची नाही. खाजगी आयुष्य शुद्ध ठेवायचे. कोणाशी वैयक्तिक भांडण करायचे नाही. आणि संस्थेच्या उद्देशाशी विसंगत असे काही करायचे नाही. यांतील भांडण न करण्याची प्रतिज्ञा वाचताना सार्वजनिक संस्थेत काम केलेला कोणीही माणूस क्षणभर थांबेल. सात प्रतिज्ञांत पाळायला तीच सर्वांत अवघड असावी.

नव्या सभासदासाठी पाच वर्षांचे शिक्षण ठरलेले होते. त्यातला मोठा भाग पुण्याच्या संस्थेत अभ्यास करण्यात आणि उरलेला देश पाहण्यात जायचा. मुंबई नगरपालिकेतील अभियंत्याची नोकरी सोडून १९१४ मध्ये अमृतलाल ठक्कर, म्हणजे पुढे सर्वांना परिचित झालेले ठक्करबाप्पा, या संस्थेत आले तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. त्या वयात माणूस पेन्शनचे आकडे मांडू लागतो. दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या गांधीजींनाही गोखल्यांनी सांगितले होते की, वर्षभर देश हिंडा, पाहा, आणि सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नका. नव्याने आलेल्याने आधी पाहावे, मग बोलावे, हा दंडक इतक्या मोठ्या माणसालाही चुकला नाही आणि त्यांनी तो मानला. गोखल्यांच्या निधनानंतर गांधीजींनी समाजाच्या सभासदत्वासाठी अर्ज केला होता. परंतु त्यांच्याविषयी सभासदांत दोन मते आहेत असे दिसताच तो स्वतःहून मागे घेतला.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न आला तो लाखो विद्यार्थ्यांचा. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने स्वेच्छेने करावयाच्या राष्ट्रीय सेवेची कल्पना मांडली. १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुख यांच्या समितीने एक पाऊल पुढे टाकले. माध्यमिक शिक्षण संपल्यावर विद्यापीठात जाण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीने राष्ट्रीय सेवा करावी, असे त्यांनी सुचवले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे माजी अर्थमंत्री यांनी केलेली ही शिफारस खर्चाच्या प्रश्नावरच अडली, हा योगायोग बँकेच्या वर्तुळातील माणसांना थोडा गमतीचा वाटावा. पुढे कोठारी आयोगानेही विद्यार्थ्यांच्या समाजसेवेचा आग्रह धरला. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. सक्ती गेली, वर्षही गेले. राहिले ते तास.

हे तास म्हणजे दोन वर्षांत २४०, वर्षाला १२०. त्यांची विभागणी समजून घेण्यासारखी आहे. वीस तास परिचय आणि प्रशिक्षणाचे. महाविद्यालयाच्या आवारातील कामाला तीसपेक्षा अधिक तास देता येत नाहीत. उरलेले सत्तर तास समाजात, म्हणजे दत्तक गावात किंवा वस्तीत. आवारातील कामावर मर्यादा घालणारा माणूस व्यवहार जाणणारा असला पाहिजे, कारण ती मर्यादा नसती तर स्वयंसेवक म्हणजे स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या उचलणारे फुकटचे मनुष्यबळ, असे समीकरण कोठेही सहज झाले असते. काही ठिकाणी ते तसे होतेही.

स्वयंसेवकाच्या छातीवरील बिल्ला कोणार्कच्या सूर्यमंदिरातील रथचक्रावरून घेतलेला आहे. चक्राचे आठ आरे चोवीस तास दर्शवतात. आपल्या भाषेत आठ प्रहर. बोधवाक्याचा आशय ‘मी नव्हे, तर तुम्ही’ असा. अमरावतीचे विद्यापीठ, ज्याच्या कक्षेत बुलढाणा जिल्हा येतो, ते संत गाडगेबाबांच्या नावाचे. गावात शिरताच आधी हातात खराटा घेणारा आणि रात्री कीर्तन करणारा हा पुरुष १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातच जन्मला. स्वयंसेवकाला कोणते काम करावे हे समजावण्यासाठी वेगळ्या चित्राची येथे गरज नाही.

सेवेचा खरा कस लागतो तो सात दिवसांच्या विशेष शिबिरात. महाराष्ट्रात त्याला ‘श्रमसंस्कार शिबिर’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या छावणीने हा शब्द घरोघरी नेला. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा समाजमंदिरात. पहाटे उठणे, प्रभातफेरी, श्रमदान, दुपारी व्याख्यान, घरोघर सर्वेक्षण, रात्री गावकऱ्यांसमोर पथनाट्य किंवा गाणी. स्वयंपाक पाळीपाळीने. ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून, तोंडे शिवून वनराई बंधारा घालणे हे घाटाखालच्या गावांना उपयोगी पडणारे काम, कारण डोंगरावरून पाणी जितक्या वेगाने येते तितक्याच वेगाने निघून जाते.

या श्रमदानाचा हिशेब मांडला तर तो फार मोठा भरत नाही. पन्नास स्वयंसेवक, सात दिवस, रोज तीन तास म्हणजे १०५० तास. त्यांतले निम्मे फावडे धरायला शिकण्यात जातात. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेच्या पुढाकाराने बुलढाणा जिल्ह्यात तलावांतील गाळ काढण्याचे मोठे काम यंत्रांनी झाले, तेव्हा एका यंत्राची ताकद सर्वांनी पाहिली. केवळ माती हलवायची असेल तर महाविद्यालयीन मुलांना सात दिवस गावात ठेवणे हा महागडा मार्ग आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर १९७३ मध्ये या योजनेने ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ हा विषय घेतला होता, तेव्हाही दुष्काळ काही मुलांच्या कुदळींनी हटला नाही.

मग हे सात दिवस कशाचे? याचे उत्तर सर्वेक्षणाच्या तासांत सापडते, आणि व्यापारी घरातील मुलाच्या बाबतीत ते विशेष खरे आहे. रोहिणखेडसारख्या गावातील किंवा तालुक्याच्या पेठेतील दुकानदाराचा मुलगा लहानपणापासून गिऱ्हाईक पाहत आलेला असतो, परंतु गल्ल्याच्या अलीकडून. शेतकरी बियाणे उधार नेतो, कापूस विकला की रक्कम देतो, एखाद्या वर्षी देत नाही. वहीत त्याच्या नावासमोर आकडा असतो. त्या नावाचे घर कसे आहे, किती माणसे आहेत, पाणी किती लांबून येते, मुलगी शाळेत का जात नाही, हे वहीत नसते. शिबिरात तोच मुलगा छापील प्रश्नावली घेऊन तशा अंगणात उभा राहतो. घरातली बाई त्याला आधी पाणी देते, मग उत्तरे देते. ‘कर्ज आहे का? कोणाकडून?’ या रकान्याशी त्याची लेखणी अडखळते. आजवर त्याने हा प्रश्न दुसऱ्या बाजूने ऐकलेला असतो.

यामुळे धंदा बिघडेल अशी भीती काही वडीलधाऱ्यांना वाटते. मुलगा हळवा होईल, वसुलीला जाणार नाही. पण बँकेत कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पहिला धडा हाच दिला जातो, की कागदावर विसंबू नका, कर्जदाराचे घर आणि शेत डोळ्यांनी पाहून या. ज्याला उधारी द्यायची त्याची खरी परिस्थिती ठाऊक असणे ही हळवेपणाची बाब नाही, ती सावधगिरी आहे. कोणाला मुदत वाढवून द्यावी आणि कोणाला यंदा उधारी देऊच नये, हे असे घर पाहिलेला माणूस अधिक अचूक ठरवतो.

घरातील अडचणी मात्र खऱ्या आहेत आणि त्या झटकून टाकू नयेत. शिबिरे बहुधा हिवाळ्यात होतात. कापूस-तुरीचा हंगाम आणि लग्नसराई त्याच काळात. दुकानावर हात कमी पडतात. भोजनाचा प्रश्न त्याहून नाजूक. सामुदायिक स्वयंपाकात बटाटा-कांदा असणारच आणि रात्रीचे जेवण कार्यक्रमानंतर उशिरा. ज्या मुलाला चौविहार पाळायचा आहे त्याने नावनोंदणीच्या वेळीच कार्यक्रम अधिकाऱ्यांना सांगावे. सूर्यास्तापूर्वी त्याचे ताट वाढणे आणि वरण-भात, भाकरी, कडधान्य वेगळे काढणे शिबिराला मुळीच जड नसते. शिवाय स्वयंपाकाच्या पाळीत तो स्वतः असला की अर्धा प्रश्न तेथेच सुटतो. ऐन वेळी न जेवता कोपऱ्यात बसणे, हे त्याला आणि बरोबरच्यांना दोघांनाही अवघड होते.

खोदकामात जीवहिंसा होते, ही शंकाही काही घरांतून येते. ती विचारणारा माणूस टाळाटाळ करतो आहे असे समजू नये. रक्तदान शिबिराची व्यवस्था, आरोग्य तपासणी, साक्षरता, स्वच्छता, सर्वेक्षण, वृद्धांची विचारपूस अशी अनेक कामे या योजनेत आहेत आणि त्यांतून निवड करता येते. रुग्ण व वृद्धांची सेवा ज्या परंपरेत वैयावृत्य म्हणून अभ्यंतर तपात मोजली जाते, तिला हे काम नवे नाही. नवे आहे ते एवढेच की, येथे सेवा घेणारा आपल्या समाजाचा असेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट पालकांनी डोळ्यांत तेल घालून पाहावी. स्वयंसेवकाने आपल्या कार्य-दैनंदिनीत प्रत्येक दिवसाचे काम आणि तास लिहावयाचे असतात. वर्षअखेरीस तास कमी भरले की एका रात्रीत सगळी पाने भरण्याचा मोह होतो. शाई एक, अक्षर एक, आणि काम मात्र बारा महिन्यांचे. अशी वही तपासनिसाच्या नजरेतून सुटत नाही, आणि सुटली तरी पोराला एक वाईट विद्या मिळते. न झालेल्या व्यवहाराची रोकडवहीत नोंद करणाऱ्या मुनिमाला कोणतीही पेढी ठेवून घेत नाही. ९२ तास झाले असतील तर ९२ च लिहावेत. प्रमाणपत्र एक वर्ष उशिरा मिळाले तरी चालते.

नवागताची परीक्षा म्हणून त्याचा अपमान करण्याची प्रथा जगभरच्या विद्यार्थी-मंडळांना कधी ना कधी चिकटलेली आहे. महाराष्ट्रात १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा ठरतो. सेवा योजनेत ज्येष्ठ स्वयंसेवकाने कनिष्ठाकडून पाणी भरून घ्यायचे नसते, दोघांनी मिळून भरायचे असते. तसे न झाल्यास मुलाने घरी सांगावे आणि घरच्यांनी ऐकून घ्यावे. मुलींच्या बाबतीत मुक्कामाची जागा, सोबत महिला प्राध्यापिका आहेत का, स्वच्छतागृहाची सोय काय, हे पालकांनी निःसंकोच विचारावे. चांगला कार्यक्रम अधिकारी या प्रश्नांनी नाराज होत नाही.

शिबिराच्या आठवडाभर आधी मुलगा एक कागद घेऊन दुकानात येतो. पालकांचे संमतिपत्र. तो बहुधा संध्याकाळच्या गर्दीतच येतो, वडील एका हाताने तराजू पाहत असतात आणि दुसऱ्या हाताने पेन शोधत असतात. घाईत सही करून तो परत देऊ नये. गिऱ्हाईक दोन मिनिटे थांबवावे, कागदावर गावाचे नाव कोणते आहे ते वाचावे, आणि त्या गावातील कोण-कोण आपल्या वहीत आहे ते मुलाला सांगावे.