सिपना : वऱ्हाडाच्या पाण्याची उत्तर बाजू

बडनेरा जंक्शनच्या भोवतालचा वऱ्हाड म्हणजे काळ्या मातीचे सपाट मैदान. इथल्या पाण्याचा हिशेब पूर्णा, तिच्या उपनद्या आणि धरणे यांच्यावर मांडला जातो. मेळघाटातली सिपना त्यात येत नाही, कारण ती मैदानाकडे पाठ करून तापीला मिळते. तरीही वऱ्हाडाच्या पाण्याचे मर्म कळायचे तर आधी सिपना अभ्यासली पाहिजे. डोंगरावरचा पाऊस बहुतेक वाट जंगलातूनच वाहिला तर काय होते, ते या लहान नदीत स्पष्ट दिसते.

मेळघाटातला गाविलगडचा डोंगर दोन्ही अंगांनी सारखा नाही. दक्षिणेला, परतवाडा-अकोटच्या बाजूला तो भिंतीसारखा तुटतो. पायथ्यालगत भूकवचातला मोठा भ्रंश आहे. चंद्रभागा, शहानूर या नद्या थोडक्या अंतरात कडा उतरतात आणि पायथ्याशी दगडगोटे, वाळू टाकून मैदानात शिरतात. उत्तरेकडे मात्र उतार लांबत जातो आणि खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या नद्या तापीकडे निघतात. सिपना सेमाडोह, कोलकास, हरिसाल करत सागाच्या जंगलातून वाहते. वैराटचा माथा १,१७८ मीटर उंच आहे आणि शेजारच्या चिखलदऱ्याला मैदानाच्या जवळजवळ दुप्पट पाऊस पडतो. पण खाली काळा बेसाल्ट आहे. त्याच्या भेगांत आणि मुरमाच्या थरात मावेल तेवढेच पाणी मुरते. म्हणून वरच्या मातीला मोल येते, आणि ती माती उतारावर धरून ठेवतात ती झाडांची मुळे व पालापाचोळा. उन्हाळ्यात सिपनेची धार तुटली तरी डोह टिकतात. १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. तिथल्या वाघाइतकाच नदीकाठच्या कोरकू आदिवासी गावांचा उन्हाळा अशा डोहांच्या पाण्यावर निभावतो.

यावर एक रास्त आक्षेप असा की झाडेही पाणी पितात. जंगल वाढले म्हणून नदीचे एकूण पाणी वाढत नाही. हे खरेच आहे. पण प्रश्न केवळ किती पाण्याचा नाही, ते केव्हा आणि कसे येते याचाही आहे. उघड्या उतारावरून श्रावणातला लोंढा गाळासकट एकदम उतरतो आणि धरणाचे पोट भरत जाते. जंगल तोच लोंढा थोपवून पाणी सावकाश सोडते.

दुसरा आक्षेप, सिपनेचे पाणी तापीला जाते, त्याचा वऱ्हाडाला काय उपयोग? उपयोग तिच्या उदाहरणाचा आहे. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी खारट. तिथली तहान डोंगराच्या पाण्यावर भागते. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या ८४ खेड्यांची योजना वान धरणावर उभी आहे, आणि वान नदी मेळघाटातूनच उतरते. पायथ्याच्या गोट्यावाळूच्या पट्ट्यात पाणी झपाट्याने मुरते. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात करार झालेली तापी मेगा रिचार्ज योजना याच गुणावर आधारलेली आहे. पण गाळाने भरलेले पाणी त्याच पट्ट्याची छिद्रे बुजवते. पाणी मुरवायचे पायथ्याशी असले, तरी ते स्वच्छ राखण्याचे काम माथ्यावरच होते.

म्हणून मेळघाटचे जंगल हा वऱ्हाडाच्या जलव्यवस्थेचाच भाग मानला पाहिजे. धरणाचा साठा मोजताना त्याच्या वरच्या उताराची स्थितीही मोजावी, आणि तो उतार राखणाऱ्या कोरकू गावांना पाण्याच्या नियोजनात हक्काची जागा द्यावी. खर्च धरणावर आणि दुर्लक्ष डोंगराकडे, असा कारभार मैदानाला फार काळ पाणी देऊ शकणार नाही.