श्रद्धा सांगताना वाटणारी भीती

मी भंडाऱ्याचा ख्रिस्ती. शेजाऱ्यांशी आपल्या श्रद्धेविषयी बोलताना धाकधूक वाटते, ‘हा बाटवायला आला’ असे तर वाटणार नाही ना? अशा वेळी मला कवी ना. वा. टिळक आठवतात. १८९३ साली ते रेल्वेने राजनांदगावला निघाले होते. तो लोहमार्ग आपल्या जिल्ह्यातूनच जातो. डब्यातल्या एका गृहस्थाने आधी त्यांच्याशी काव्यावर गप्पा मारल्या, मग ‘नवा करार’ वाचायला दिला. टिळकांनी विचार करून १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी ख्रिस्त सांगितला तो अभंगांतून, कीर्तनांतून.

श्रोतेहो, भीती वाटते ती समोरच्याला जिंकायचे ठरवल्यामुळे. आधी त्याचे ऐकावे, मग आपले सांगावे. पटणे न पटणे त्याच्यावर सोडले, की जीभ मोकळी होते आणि शेजारही टिकतो.