बेघर माजी सैनिक आणि ग्रामपंचायतीचे कर्तव्य

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा हे त्यातील दुर्गम तालुके. रोजगारासाठी येथील अनेक कुटुंबे दरवर्षी गुजरातेत जातात. अशा भागात परतलेल्या माजी सैनिकास स्वतःचे घर नसल्यास तो नातलगांच्या आश्रयाने दिवस कंठतो. तो उघड्यावर दिसत नाही, म्हणून बेघरांत त्याची गणनाही होत नाही.

अडचण कोठे आहे?

जवानास निवृत्तिवेतनासाठी साधारणतः १५ वर्षांची सेवा आवश्यक असते. तत्पूर्वी कार्यमुक्त झालेल्यांस दरमहाचा आधार उरत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२० साली माजी सैनिकांस घरपट्टीत माफी दिली. परंतु ज्यास घरच नाही, त्यास तिचा उपयोग काय?

उपलब्ध साहाय्य

निवृत्तिवेतन नसलेले, ६५ वर्षांवरील, हवालदार हुद्द्यापर्यंतचे माजी सैनिक व त्यांच्या विधवा यांना केंद्रीय सैनिक मंडळामार्फत निर्वाह अनुदान मिळते. नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी ते दरमहा ४,००० वरून ८,००० रुपये करण्यात आले आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात डोंगराळ व दुर्गम क्षेत्रासाठी १ लाख ३० हजार रुपये मिळतात. दरमहा १५,००० रुपयांहून अधिक मिळविणारी व्यक्ती ज्या कुटुंबात आहे, ते या योजनेतून वगळले जाते. म्हणजे निवृत्तिवेतन नसलेला गरीब माजी सैनिक केवळ सैन्यात होता म्हणून अपात्र ठरत नाही. आदिवासी कुटुंबांसाठी राज्याची शबरी घरकुल योजना आहे. जागा नसलेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आहे.

गावाने काय करावे?

योजना आहेत, त्या एकाच माणसापर्यंत एकत्र पोहोचत नाहीत. सैनिक कल्याण कार्यालयास त्याची सेवा ठाऊक असते, पंचायत समितीस घरकुलाची यादी. त्याची खरी स्थिती मात्र गावासच ठाऊक असते. म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीने माजी सैनिक व सैनिक-विधवांची नोंदवही ठेवावी, तीत निवाऱ्याचा रकाना असावा आणि तिची प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे पाठवावी. स्थलांतरित कुटुंबे गावी असतील त्या काळात ग्रामसभेत या नोंदींचे वाचन व्हावे. सेवामुक्तीचे पुस्तक व ओळखपत्र जपून ठेवणे आणि संगणकावरील अर्ज भरणे यांत शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल.

दरवर्षी ७ डिसेंबरच्या ध्वजदिनी आपण निधी देतो. उपरोक्त निर्वाह अनुदान त्याच निधीतून दिले जाते. तो निधी आपल्याच गावातील जवानाच्या विधवेपर्यंत पोहोचला की नाही, हे पाहणे हेही आपले कर्तव्य होय.