उणे तीनचा दिवस

सकाळी साडेसात. चहाबरोबर अर्काइव्हवरच्या नव्या शोधनिबंधांची यादी. उन्हाळ्यात ती आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागते. त्यासाठी अलार्म लावणाऱ्यांतली मी नाही. ‘नॉन-हर्मिशियन’ शीर्षकं दिसतात ती बहुतेक लेसर आणि घनपदार्थवाल्यांची. कणभौतिकीत आमची वस्ती विरळच.

दहा. एम.एस्सी. प्रोजेक्टवाला मुलगा दारातच. “मॅडम, हॅमिल्टोनियन हर्मिशियन नसेल तर ऊर्जा रियल कशी येणार?” रास्त शंका. १९९८ मध्ये कार्ल बेंडर आणि स्टेफान बॉचर यांनी एक्सच्या घनाला आयने गुणून तेच पोटेन्शियल घेतलं. पातळ्या आल्या १.१५६, ४.१०९, ७.५६२, सगळ्या रियल. डावं-उजवं आणि काळाची दिशा एकदम उलटवली, तर हे पोटेन्शियल बदलत नाही, हे त्यामागचं कारण. पक्की सिद्धता डोरी, डनिंग आणि टाटेओ यांनी २००१ मध्ये दिली.

साडेदहा ते एक, फळा. दोन स्केलर फील्ड, वस्तुमानांचे वर्ग ६ आणि १. एकमेकांत मिसळणारं पद एका कोपऱ्यात अधिक २, दुसऱ्यात उणे २. हर्मिशियन असतं तर दोन्हीकडे चिन्ह एकच असतं. “आयगेनव्हॅल्यू काढ.” ५ आणि २ आल्या. पोरगं खूश. “आता व्हेक्टर.” (२, −१) आणि (१, −२). नेहमीच्या पद्धतीने गुणले तर उत्तर ४, म्हणजे काटकोन नाही. मध्ये पॅरिटी घातली, दुसऱ्या घटकाचं चिन्ह बदललं, की शून्य. छान! पण त्याच मापाने पहिल्याची नॉर्म ३ आणि दुसऱ्याची उणे ३.

नॉर्म म्हणजे संभाव्यता, आणि ती उणे! माझ्या मते खरा विषय इथे सुरू होतो. रियल ऊर्जेचं कौतुक जरा जास्तच झालंय.

एक. डबा.

दोन. बेंडर, ब्रॉडी आणि जोन्स यांचा २००२ चा उपाय: ‘सी’ नावाचा ऑपरेटर, उणे नॉर्मच्या अवस्थेला उणे एकने गुणणारा. गुणाकार पुन्हा धन. दोन बाय दोन मॅट्रिक्समध्ये तो पाच मिनिटांत मिळतो. फील्ड एकमेकांशी आंतरक्रिया करू लागली की तो थिअरीगणिक, पदापदाने काढावा लागतो. माझी दुपार त्यातच जाते, आणि आजही गेली.

साडेचार, चहा. सहकारी विचारतो, नोएथरच्या प्रमेयाचं काय? अलेक्झांद्र, मिलिंग्टन आणि सेनाव्ह यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की इथे लॅग्रांजियनची सममिती आणि टिकून राहणारा प्रवाह यांची नेहमीची जोडी सुटते. तो मान हलवतो, बिस्किट बुडवतो.

रात्री नऊ. मुलाचा मेसेज: “मॅडम, २ च्या जागी २.५ घेतलं. दोन्ही व्हॅल्यू ३.५. व्हेक्टर एकच उरला, (१, −१). नॉर्म शून्य. चुकलं का?”

“बरोबर आहे. आता ३ घेऊन बघ.”